पत्र्याच्या खोलीतला गारठा

१

गिरणीचा पट्टा जोरात चालू होता, म्हणून आतल्या दोघींना मी आल्याचं कळलं नाही. गिरणीत कुजबुजायचं म्हटलं तरी ओरडावं लागतं. भागूबाई दुसरीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती. तिचा नवरा शेंद्र्याला कंपनीत आहे.

"आपल्या गल्लीतला एक जण तिकडं बर्फातच राहिला म्हनं, अन् त्याच्या आईला तर अजून..."

तेवढ्यात गिरणीवाल्या फकिरानं डबा बदलायला पट्टा बंद केला. भागूबाईनं मागं वळून पाहिलं तर मी उभी. लगेच म्हणाली, "या मनकर्णाकाकू, कैऱ्या काय भाव आणल्या?"

आता गल्लीत मला कोण काय म्हणतं ते मला ठाऊक आहे. मला बातमी कळली की ती चार घरांना कळते, हे काही खोटं नाही. पण म्हणून अर्ध्यात थांबावं का माणसानं? मी खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, "काय नाय वो, सिरियलीतलं सांगत व्हते."

मी दळण ठेवलं आणि घरी निघाले. रस्त्यात डांबर पाघळत होतं, चपला चिकटत होत्या. आमच्या गल्लीतून बर्फात एकच जण गेला होता, आवडाबाईचा बन्सी.

२

आवडाबाई आमच्या भिंतीला भिंत लागून. त्यांचे मालक वारले त्याला पुष्कळ वर्षं झाली. बन्सी एकुलता एक. शेंद्र्याच्या कंपनीत लागल्यावर त्यानं अंगणातून जिना काढून वर स्वतःसाठी एक पत्र्याची खोली बांधली. उन्हाळ्यात तिथं दिवसा पाय ठेवता येत नाही. पोळपाटावर ठेवलेला पापड तिथं तळल्यासारखा होईल असं माझे मिस्टर म्हणतात.

कंपनीतल्या पोरांनी मिळून मनालीची सहल काढली होती. सचखंड गाडीची तिकिटं झाली. निघायच्या दिवशी मी मदतीला गेले होते, म्हणजे कोण काय काय नेतंय ते बघायला, असं मिस्टर म्हणतील.

"पायाला लांब पट्ट्या बांधायच्या काकू, अन् डोंगराच्या माथ्यावरनं बर्फातून घसरत खाली यायचं," बन्सी मला हातानं करून दाखवत होता.

"घसरायला इतक्या लांब कशाला?" आवडाबाई चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मोरीत शेवाळ धरलंय. तिथं घसर की फुकटात."

सगळ्यात जास्त हसला तो कडूबा. बन्सीचा कंपनीतला दोस्त. फुलंब्रीच्या पलीकडचा, लहानपणीच आई गेलेली, मामाकडं वाढलेला. त्याच्याआधीची भावंडं जगली नाहीत म्हणून त्याचं नाव कडूबा ठेवलेलं. आवडाबाईनं त्याला नाव विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "चांगलं केलं. कडू मानसाला मरन तोंड लावत नाय."

निघताना त्यांनी बन्सीच्या हातावर दही-साखर ठेवली. तो कडूबा दारात पिशवी घेऊन उभा होता. त्यानं हळूच आपलाही तळहात पुढं केला. "आई, मलाबी द्या की. आमच्यात कोन देतंय?"

आवडाबाईनं त्यालाही दही दिलं. त्यानं ते चाटून पुसून खाल्लं आणि म्हणाला, "जातो, आई."

"जातो म्हनू नाय रे. येतो म्हन. तूबी माझा बन्सीच. माघारी येताना मामाकडं नको, आधी इथंच ये. ओवाळते अन् मग जा."

"येतो, आई," तो म्हणाला. "इथंच येतो."

बन्सीनं जाता जाता वरच्या खोलीला कुलूप घातलं आणि चावी माझ्या हातात दिली. "आईकडं नको काकू. गुडघा धड नाही अन् साफसफाई करायला वर चढल. तुम्ही तेवढं गच्चीतल्या मोगऱ्याला पाणी घाला."

त्यानंतर दोनदा फोन आला. एकदा दिल्लीहून, एकदा मनालीहून. मनालीहून बोलताना वाऱ्याचा आवाज येत होता. कडूबा मधेच फोन ओढून घेऊन ओरडला, "आई, इथं भाड्यानं बूट मिळत्यात, हत्तीच्या पायाएवढे!" मग रेंज गेली ती गेलीच.

३

गिरणीवरून आल्यावर मी आवडाबाईला काहीच सांगितलं नाही. अर्धी बातमी कुणाच्या पदरात टाकावी? मिस्टर वाळूजला कामाला असतात, त्यांना फोन केला. त्यांच्या ओळखीचा एक जण शेंद्र्याच्या कंपनीत होता. ते म्हणाले, "विचारतो. तू मात्र तोंड बंद ठेव."

मग कळशी घेऊन मी मोगऱ्याला पाणी घालायला वर गेले. भर दुपारची वेळ. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. जिन्याच्या पायऱ्या अशा तापलेल्या की चप्पल घालूनही चटके बसत होते. वरच्या तीन-चार पायऱ्यांवर मात्र चटका बसेना. मला वाटलं सावली असेल. पाहिलं तर सावली नव्हती.

मोगरा सुकला होता. म्हणजे उन्हानं करपतो तसा नव्हे. पानं काळी पडून गळाली होती, कोथिंबीर फ्रीजच्या वरच्या कप्प्यात राहिली की होते ना, तशी.

खोलीच्या दारापाशी गल्लीतली सगळी मांजरं येऊन पडली होती. पोटं दाराच्या फटीला लावून. मी हाकललं तरी हलेनात. खोलीची एक खिडकी जिन्याकडं उघडते, गजांची, तिच्या काचा आतून पांढुरक्या झाल्या होत्या. एक काच फुटलेली आहे आधीपासून, तिथं बन्सीनं पुठ्ठा लावला होता. पुठ्ठा पडला होता.

मी कुलपाला हात लावला. उगीच, बसलंय का नीट ते बघायला.

ते गार होतं. गार म्हणजे सावलीतलं गार नव्हे. बोटं चिकटली. ओढून काढली तेव्हा कातडीला चर्र झालं.

मी खाली आले. येता येता मनाशी कारणं लावत होते. टाकी गळत असेल, पाणी भिंतीत मुरलं असेल. पण टाकीत पाणी कुठून? नळाला पाणी येऊन आठवडा झाला होता. सगळी गल्ली टाक्यांच्या तळाला तांब्या खरवडत होती.

मागून एक आवाज आला. पोतं फरशीवरून ओढावं तसा, सरर्र. मग थांबला. मी म्हटलं, मांजर असेल.

४

दुसऱ्या दिवशी आवडाबाईच्या अंगणात दोरीवर वाकळ वाळत घातलेली दिसली. चिंध्यांची जाड वाकळ, त्यांच्या सासूनं शिवलेली. मे महिन्यात आम्ही चादरसुद्धा अंगावर घेत नाही.

"आवडाबाई, वाकळ कशाला काढली?"

"वली झाली ना. वाळवाया टाकली. दुसरी दिली त्याला."

"कुणाला?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या, जसं काही मीच वेड्यासारखं विचारलं. "बन्सीला. कवाच आलाय की. वर हाय."

मी त्यांच्याजवळ बसले. दारातून ऊन आत येत होतं, चुलीवर दूध होतं. सगळं रोजच्यासारखं. त्या सांगत होत्या, मी ऐकत होते.

"परवा भर दुपारी हाक आली. 'आई' म्हनून. मला डोळा लागला व्हता. म्हणलं, आलास का बन्सी? तर म्हनतो, 'आलो. लई गार लागतंय.' म्हणलं, जा वर, पड जरा. वर गेल्याचा आवाज आला. पाय लई जड पडत व्हते. दमला असंल."

"बघितलं का तुम्ही त्याला?"

"कसं बघू? चावी तर तुझ्यापाशी."

"मग तो आत कसा गेला, आवडाबाई?"

दूध वर आलं, त्यांनी फुंकर मारली. मग म्हणाल्या, "ते मला म्हाईत नाय. पन तो थरथर कापतोय ते मला ऐकू येतं. पत्रा वाजतो."

"आवाज बन्सीचाच होता ना?"

"गारठ्यानं दात वाजनाऱ्या मानसाचा आवाज वळखू येतो व्हय, मनकर्णा? आई म्हनला. आईला आनखी काय लागतं?"

गुडघा धड नसलेल्या त्या बाईनं पायऱ्यांवर बसत बसत, एकेक पायरी हातानं चढत, खिडकीच्या फुटक्या काचेतून दोन वाकळी आत सारल्या होत्या. पहिली त्यानं परत बाहेर ढकलली. ओली झालेली. पिळली तर पाणी निघालं.

"चावी दे," त्या म्हणाल्या. "पोरगं उपाशी हाय."

मी म्हणाले, चावी मिस्टरांकडं आहे, ते आले की आणते. हे खोटं होतं. चावी माझ्या कमरेलाच होती. पण मला एकच वाटत होतं. गिरणीवरची बातमी खरी आहे, बन्सी गेला, आणि ह्या बाईला कुणीतरी सांगायच्या आधी तो स्वतः येऊन बसलाय. असं वाटणं खुळेपणाचं आहे हे मला कळतं. मी सातवी झालेली आहे. पण माझी बोटं अजून चुरचुरत होती.

संध्याकाळी मिस्टर आले. म्हणाले, "तिकडं घाटाच्या वर बर्फाचा कडा कोसळलाय. कंपनीवाले नावं सांगेनात. चौकशी चालू म्हणतात." खोलीचं सांगितलं तर हसले. "पत्र्याची खोली मे महिन्यात गार? मग सगळी गल्ली तिथंच झोपायला जाऊ." पण वर जाऊन बघतो असं काही ते म्हणाले नाहीत.

५

मी जमिलाभाभीला बरोबर घेतलं. समोरच्या घरातली, शिवणकाम करते, कशाला घाबरत नाही. सकाळी उजेडाचं गेलो. आवडाबाई खाली अंगणात उभ्या राहिल्या, वर तोंड करून. हातात भाकरीचं ताट.

वरच्या पायऱ्यांवर ओल होती. त्या ओलीत बुटांचे ठसे. मोठे, रुंद, हत्तीच्या पायाएवढे म्हणता येतील असे. सगळे वर जाणारे. उन्हानं वाळायला हवे होते, वाळले नव्हते.

जमिलाभाभीनं पदर हाताला गुंडाळून कुलूप धरलं. "या अल्ला, ये इत्ता थंडा कायकू है?"

"पाणी मुरलं असेल," मी म्हणाले.

"कौनसा पानी? मेरे घर में नमाज के वजू को नै है पानी."

मी चावी फिरवली. कुलूप निघालं, पण दार पुरतं उघडेना. चार बोटं सरकलं आणि अडलं, जसं आत काही साचलंय. त्या फटीतून जी हवा आली ती माझ्या तोंडावर बसली. माझ्या तोंडातून वाफ निघाली. भाभीच्याही. भर मे महिन्यात दोघी बाया तोंडातून वाफ काढत उभ्या.

आत उजेड पांढरा होता. कॅलेंडर दिसलं, खुंटीवरचा बन्सीचा शर्ट दिसला, पुठ्ठ्यासारखा ताठ झालेला. भिंतीला लागून पलंग. पलंगावर वाकळ, आणि वाकळीखाली कुणीतरी पाय खाली सोडून बसलेलं, डोक्यावरून घेऊन. पूर्ण नाही दिसलं. खालून फक्त बुटांची टोकं दिसली. वाकळ अगदी बारीक हलत होती. पाणी उकळायच्या आधी भांडं हलतं ना, तशी.

मी दार ओढून घेतलं. कुलूप पुन्हा कसं लावलं ते आठवत नाही.

"क्या दिखा?" भाभीनं विचारलं. ती माझ्या मागं होती.

"तुला काय दिसलं?"

"गोदडी दिखी. ढेर पड़ेला था पलंग पे." मग ती म्हणाली, "मगर मनकर्णा, खिड़की तो इधर है. इधर से डाली तो इधर गिरती ना. उधर पलंग पे कौन रखा?"

आम्ही खाली उतरलो. आवडाबाईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी ठरवलं, आता सांगायचंच. आईला किती दिवस असं ठेवायचं? मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "आवडाबाई, खाली बसा. बन्सीचं..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"काकू, मी बन्सी बोलतोय. दवाखान्यातनं. हात मोडलाय, बाकी बरा हाय. आईला द्या."

मी फोन त्यांच्या कानाला लावला. त्या ऐकत होत्या. "व्हय... व्हय रे बाळा... ये." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते डोळे फोनवर नव्हते, वरच्या खिडकीवर होते.

फोन ठेवल्यावर त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. एवढंच म्हणाल्या, "मग वर मी कुनाला ओ दिली?"

६

बन्सी आला त्या दिवशी नळाला अजून पाणी आलं नव्हतं. रिक्षातून उतरला, हात गळ्यात, तोंडाची कातडी सोलून निघालेली. सगळी गल्ली जमली. भागूबाईसुद्धा आली, माझी नजर चुकवून उभी राहिली.

आवडाबाईनं त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकला, तांब्यातलं थोडं पाणी पायावर घातलं. त्याचे पाय गरम होते, धूळ लगेच वाहून गेली. मी हात लावून पाहिलं. मी मुद्दामच पाहिलं.

लोक पांगल्यावर तो सांगायला बसला. ते दोघं पट्ट्या बांधून वरून निघाले होते, तो अन् कडूबा, हाताला हात धरून, कारण कडूबाला नीट जमत नव्हतं. मागून आवाज झाला. मग काही दिसेना. नुसतं पांढरं.

"मला लोकांनी उकरून काढलं. कडूबाचा हात माझ्या हातात होता आई, कुठं सुटला मला कळलंच नाही. शोधायला माणसं लागलीत. अजून सापडला नाही. त्याच्या मामाला काय सांगू मी?"

आवडाबाईची नजर जिन्याकडं गेली.

"बर्फाखाली तो आधी हाका मारत होता," बन्सी म्हणाला. "मला ऐकू येत होतं. मला वाटलं मला हाक मारतोय. पण तो 'आई' म्हणत होता. त्याला तर आई नाही. मग एकदम थांबला. कुणी ओ दिल्यावर माणूस थांबतो ना, तसा."

तो उठला. "मी जरा वर जाऊन पडतो. काकू, चावी द्या."

त्यानं हात पुढं केला. मी कमरेची चावी सोडली, पण देववेना. आवडाबाई मधे आल्या आणि त्यांनीच ती माझ्या हातातून घेतली.

"तू इथं खाली पड," त्या पोराला म्हणाल्या. "ती खोली तुझी नाय आता."

"म्हणजे? कोण आहे वर?"

"मी म्हणलं व्हतं त्याला, मामाकडं नको, आधी इथंच ये. आला बिचारा. अन् मी तुझ्या नावानं हाका मारत बसले. दारातसुद्धा ओवाळलं नाय त्याला." त्यांनी टोपलीतून भाकरी घेतली, तुकडा मोडला. माठ तिरपा करून तळाचं पाणी तांब्यात काढलं, अर्धा तांब्याही भरला नाही. "बूट काढाया सांगते. बूट घालून घरात येत नसत्यात, त्याला कुनी शिकवलंच नसंल."

बन्सी मागं निघाला तशी मी त्याचा धड हात धरला. तो ओढत होता, पण जोर लावत नव्हता. त्या पायऱ्यांवर बसत बसत चढल्या. एक हात पायरीवर, एका हातात तांब्या, भाकरीचा तुकडा पदरात. वळणावरून दिसेनाशा झाल्या. मांजरं एकामागोमाग एक खाली पळत आली.

कुलूप निघाल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज, लेकराला उठवताना करतात तसा हलका.

"कडूबा. ये रे, उंबऱ्यात ये."

पत्रा वाजायचा थांबला. जड पावलं पलंगापासून दारापर्यंत आली. आम्ही दोघांनी ऐकली. बन्सीचा हात माझ्या हातात गार पडला.

मग पाणी ओतल्याचा आवाज.

पाणी जिन्यावरून खाली येऊ लागलं. वरच्या पायरीवरून खालच्या, खालच्यावरून त्याच्या खालच्या. माझ्या पायाला लागलं तेव्हा मी दचकून मागं झाले, इतकं ते गार होतं. ते येतच राहिलं. अंगणातल्या तापलेल्या फरशीवरून, मोरीच्या कडेनं, दारातून बाहेर गल्लीत. समोरून जमिलाभाभी बादली घेऊन बाहेर आली, तिला वाटलं नळ आला. बादली हातात तशीच धरून ती पाण्याकडं बघत राहिली. अर्ध्या तांब्यात एवढं पाणी नसतं. आमच्या गल्लीत हे कुणाला शिकवावं लागत नाही.

पुष्कळ वेळानं आवडाबाई खाली आल्या. तांब्या रिकामा होता. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. चुलीपाशी बसल्या आणि पीठ मळायला घेतलं.

बन्सी आता खालीच झोपतो. आवडाबाई दोन ताटं वाढतात, एक त्याचं, एक झाकून जिन्याच्या पायरीवर. ते ताट रोज रिकामं होतं. मांजरं खात असतील, असं मिस्टर म्हणतात. मी त्यांना एवढंच सांगते की मांजरं आता त्या घरात येत नाहीत.

दळण आणायला गेले तेव्हा भागूबाई गिरणीवर होती. तिला मी चारचौघींत सुनावलं, "तुझी बातमी अर्धीच खरी निघाली गं. आमच्या गल्लीतला नव्हता तो. फुलंब्रीकडचा होता."

"पन बर्फातच राहिला ना?" तिनं विचारलं.

फकिरानं पट्टा चालू केला. मी डबा उचलला आणि बाहेर आले.